सातपुड्याचं पाणी पिणाऱ्या केळी बागायतदारांना खुलं पत्र

प्रति,
रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर तालुक्यांतील केळी उत्पादक बंधू-भगिनी,
तसेच सर्व फ्रुटसेल सोसायट्यांचे चेअरमन व संचालक मंडळ

सप्रेम राम राम.

मी तुमच्यातलीच एक. रावेर तालुक्यात माझी केळी आहे, मृगबागही (जून-जुलैची लागवड) आणि कांदेबागही (सप्टेंबर-ऑक्टोबरची). केळीच्या जाहीर बोर्डभावानं पोट भरत नाही, हरण्या या विषाणूरोगानं उभी झाडं उपटावी लागतात, जूनच्या वादळात निसवलेली, म्हणजे घड आलेली बाग एका तासात आडवी होते, हे सगळं तुमच्याइतकंच मीही सोसते. त्यावर आपण बोलतोच, मोर्चेही काढतो. आज मात्र आपल्या उत्तरेला उभ्या असलेल्या डोंगराबद्दल आणि त्या डोंगरात राहणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे.

मागणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मनात शंका राहणार नाही. सोसायटीमार्फत किंवा व्यापाऱ्यामार्फत आपली जी केळी जाते, तिच्या दर क्विंटलमागे एक रुपया बाजूला काढावा आणि तो सातपुड्यातल्या ग्रामसभांना त्यांचं जंगल राखण्यासाठी द्यावा. आणि ज्या पाड्यांचे सामूहिक वनहक्काचे दावे अडकून पडलेत, त्यांच्या पाठीशी आपण बागायतदारांनी उघडपणे उभं राहावं. पहिलं मागणं सोपं आहे. दुसरं अवघड आहे, पण त्याच्याशिवाय पहिल्याला फारसा अर्थ नाही.

आता कारण सांगते. केळी वर्षाला साधारण १,८०० ते २,००० मिलिमीटर पाणी मागते. आपल्या जिल्ह्यात पाऊस पडतो सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत, आणि त्यातलाही बराचसा मोजक्या दिवसांत. ठिबकनं आपण खूप पाणी वाचवलं, त्याबद्दल आपला अभिमान रास्तच आहे. तरीही हिशोब जुळत नाही. उरलेलं पाणी जमिनीखालून येतं. ते जमिनीखाली कुठून येतं, हा प्रश्न मोटर चालू करताना आपल्याला पडत नाही.

सातपुड्याचा उतार संपतो आणि आपलं रान सुरू होतं, त्या दोहोंच्या मध्ये दगडगोट्यांचा, वाळूचा आणि भरड गाळाचा एक लांबच लांब पट्टा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला बजाडा म्हणतात. हजारो वर्षं डोंगरातून येणाऱ्या नद्यांनी तो पायथ्याशी रचला. सुकी, भोकर, मोर, अनेर या नद्या डोंगरातून भरून येतात आणि या पट्ट्यात त्यांचं पाणी गोट्यांमध्ये गडप होतं. पायथ्याच्या गावांतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हे ठाऊक आहे. वर नदी वाहत असते, खाली पात्र कोरडं. हे गडप झालेलं पाणी पुढे तापीकाठच्या खोल गाळात उतरतं आणि तेच आपल्या विहिरींना, बोअरना लागतं. पायथ्याचा तो गोट्यांचा पट्टा म्हणजे आपल्या साऱ्या बागांच्या टाकीचं तोंड आहे.

हे तोंड उघडं राहायचं असेल तर वरून येणारं पाणी संथ आणि स्वच्छ असायला हवं. डोंगरावर झाडझाडोरा असला, खाली पालापाचोळा असला, गवताच्या मुळांनी माती धरलेली असली की पाणी थांबत थांबत उतरतं. डोंगर बोडका झाला की तोच पाऊस माती घेऊन एका दमात खाली धावतो. एक तर पूर येतो आणि नदीकाठच्या बागा खरवडून नेतो. दुसरं म्हणजे त्या पाण्यातला बारीक गाळ गोट्यांच्या फटींत बसतो आणि मुरण्याची वाटच बुजते. पाऊस तेवढाच पडला तरी जमिनीत उतरणारं पाणी घटतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण जंगलाच्या बाजूनं बोलणारे लोक कधीकधी ती गाळतात. झाडं पाणी पितातही. नुसतं दाट जंगल लावलं म्हणजे विहिरी तुडुंब भरतील असं कुणी सांगत असेल तर ते अर्धसत्य आहे. आपल्या कोरड्या पानझडी जंगलाचं मोठं काम माती धरण्याचं आणि पाण्याचा वेग मोडण्याचं आहे. तेवढं काम झालं तरी आपल्यासाठी पुष्कळ आहे.

भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात रावेर आणि यावल ही नावं अतिशोषित तालुक्यांच्या यादीत अनेक वर्षं आली आहेत. आपण भरण्यापेक्षा जास्त उपसतो, इतका त्याचा सरळ अर्थ. शिरपूर भागात सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून पाणी मुरवण्याचं जे काम उभं केलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं तापी मेगा रिचार्ज योजनेचा करार केला. सुमारे ३१ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची ही योजना याच बजाडा पट्ट्यात पाणी मुरवण्यावर उभी आहे. ती लवकर व्हावी, असं मलाही वाटतं. पण कालव्यानं पाणी आणून ज्या गोट्यांत सोडायचं, ते गोटेच डोंगरावरच्या मातीनं बुजत गेले तर हजारो कोटी खर्चून आपण काय मिळवणार? योजनेच्या बातमीवर आपण फटाके फोडले. पण त्या उतारावर राहणारा माणूस त्या चर्चेत कुठे होता?

तो माणूस आपल्या अगदी ओळखीचा आहे. पावरा, बारेला, भिल्ल, तडवी. पाडव्याला सालदारकी ठरते तेव्हा आपल्या दारात येतो. घड उतरवतो, गाडी भरतो, कापूस वेचतो, रात्रीचं पाणी देतो. आपल्या बागा त्याच्या हातावर उभ्या आहेत आणि त्याच्या गावच्या पाण्यावरही. तरी डोंगरातल्या त्याच्या गावाबद्दल बोलायची वेळ आली की आपल्याकडच्या बैठकांत एकच वाक्य ऐकू येतं, 'हेच लोक जंगल तोडतात.'

हे वाक्य मी टाळणार नाही. जंगल तुटलंय. यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झालं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. आज त्याच्या काही भागात कसलेली शेतं आणि नुसते बुंधे दिसतात. वनकर्मचाऱ्यांवर हल्लेही झाले आहेत, आणि ते करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण जे दिसतं त्याच्या मागे काय आहे, तेही पाहायला हवं.

ब्रिटिशांनी १८७८ च्या वन कायद्यानं जंगलं राखीव करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं कागदावर एका फटक्यात उपरी झाली. मोहाचं झाड दारात, पण त्याच्यावर हक्क नाही. स्वातंत्र्यानंतरही साठ वर्षं हेच चाललं. जे आपलं नाही, जे उद्या कुणीही घेऊन जाईल, ते कोण राखतं?

चारोळीचंच पाहा. चारोळीचं फळ पुरतं पिकायला मे उजाडतो. पिकलेल्या फळाची बी भरदार निघते, भाव चांगला मिळतो. पण जंगल कुणाचंच नसलं की आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल, ही भीती असते. मग फळं कच्चीच ओरबाडली जातात. घाईत फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात, आणि पुढच्या वर्षी त्या झाडाला फळच धरत नाही. धावड्याच्या डिंकाचंही तसंच. खोडाला बेतानं चीर दिली तर झाड वर्षानुवर्षं डिंक देतं, खोल घाव घातले तर वाळतं. ज्याचं झाड त्याचं, अशी व्यवस्था असती तर हे झालं नसतं. आपणही भाड्यानं एका वर्षासाठी घेतलेल्या शेतात शेणखत घालत नाही, आपल्या मालकीच्या शेतात घालतो. माणूस डोंगरातला असो की सपाटीवरचा, वागणूक एकच.

मोहाची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात. झाडाखाली सुकलेल्या पानांचा थर असला की फुलं दिसत नाहीत, म्हणून लोक खालचा पाला पेटवतात. विस्तव बहुतेक वेळा तिथेच विझतो, पण एखाद्या दिवशी वारा सुटतो आणि आख्खा डोंगर पेटतो. रात्री आपल्या गच्चीवरून ती लाल रेघ आपण सगळे बघतो. पालापाचोळा जळाला, कोवळी रोपं जळाली, माती उघडी पडली आणि त्यावर जूनचा पहिला वळीव कोसळला की काय होतं, ते वर सांगितलंच. आणि ती आग विझवायला गावात माणूस नसतो. दिवाळीनंतर गावातली तरणी माणसं गुजरातेत, उसाच्या फडांवर किंवा आपल्याच बागांमध्ये गेलेली असतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि पोरं.

यावर उपाय कठीण नाही. झाडाखाली जाळी अंथरली की फुलं जाळीवर पडतात, माती लागत नाही, पाला जाळावा लागत नाही, आणि स्वच्छ फुलाला भावही बरा मिळतो. मध्य भारतात काही ठिकाणी हे केलं गेलंय. आपल्याकडे टिश्यू कल्चरच्या रोपवाटिकांत आणि बागांत दर दोन-चार वर्षांनी शेडनेट बदललं जातं. जुनं बांधावर पडून असतं, नाहीतर जाळलं जातं. ते गोळा करून, शिवून मोहाखाली अंथरायला दिलं तर? वर एक आग कमी, खाली एक धूर कमी. राज्य सरकारनं २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलनावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंधही उठवले आहेत. मोहाचे लाडू, सरबत, मनुका असे पदार्थ करणारे बचतगट उभे राहू शकतात. आपल्या सोसायट्यांची शीतगृहं आणि गोदामं वर्षातले काही महिने अर्धी रिकामी असतात, त्यातला एक कोपरा त्यांना मिळाला तर त्यांना पडत्या भावात मोहफूल विकावं लागणार नाही. माल राखून धरता येणं म्हणजे काय, हे नाशवंत पिकाच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

या सगळ्याच्या मुळाशी हक्काचा प्रश्न आहे. २००६ चा वनहक्क कायदा दोन गोष्टी देतो. एक, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीवर आदिवासी कुटुंबाला कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क. याच्यावर सगळीकडे वाद आहे, याच्याच बातम्या येतात. दुसरी गोष्ट मात्र आपल्या कानावर फारशी पडत नाही, ती सामूहिक वनहक्काची. गाव ज्या जंगलाचा पारंपरिक वापर करत आलंय, ते राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा आणि त्यातलं गौण वनउपज विकण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. त्यात तेंदूपत्ता, मोह, चारोळी, डिंक, मध आणि बांबूही आला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला आणि पुढे त्या ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला. नंदुरबार जिल्ह्यातही कितीतरी गावांकडे असे हक्क आहेत. आपल्या जिल्ह्याच्या डोंगरात हे काम मागे आहे. चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली काही गावं राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या (आदिवासी) क्षेत्रात येतात, तिथे ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदाही लागू आहे. म्हणजे कायद्याची कमतरता नाही. कमतरता आहे ती ग्रामसभेचे ठराव नीट लिहून देणाऱ्याची, नकाशे काढून देणाऱ्याची, यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि जळगावला फाईल कुठे अडली हे विचारायला सोबत जाणाऱ्याची. आपल्याकडे कर्जाच्या फायली, विम्याच्या फायली, ठिबक अनुदानाच्या फायली पुढे सरकवणारी माणसं गावागावात आहेत. त्यातली चार माणसं यासाठी का देता येऊ नयेत?

मला विचारलं जाईल की हक्क मिळाले तर ते आणखी तोडतील. १३ डिसेंबर २००५ नंतरच्या नव्या तोडीला हा कायदा कुठेही आसरा देत नाही. उलट हक्क मिळालेल्या ग्रामसभेवर जंगल, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याची जबाबदारी तोच कायदा टाकतो, आणि जंगलाची नासधूस थांबवण्याचे अधिकारही देतो. एका वनरक्षकाच्या वाट्याला केवढा डोंगर येतो ते पाहा, मग तो एकटा काय राखणार ते कळेल. पाड्यातल्या माणसांनी आपलं म्हटल्याशिवाय हा डोंगर वाचणार नाही.

याचा पुरावा हवा असेल तर लांब जायला नको. साक्री तालुक्यात गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे डोंगर उघडा पडला होता, पाणी नव्हतं, लोक गाव सोडून मजुरीला जात होते. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला, पहारा गावानंच दिला. मग बंधारे घातले. आज सुमारे १,१०० एकर जंगल गाव सांभाळतं. विहिरींना पाणी आहे, भाताला पाणी आहे, आणि दरवर्षी होणारा तिथला वनभाज्यांचा महोत्सव बघायला शहरातून लोक जातात. चैत्रामभाऊंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी खानदेशचा माणूस म्हणून अभिनंदनाचे फलक लावले. माझं म्हणणं एवढंच की फलकाच्या पुढे जाऊ या. एक गाडी करून सोसायटीच्या संचालकांनी एकदा बारीपाड्याला जाऊन यावं, आणि जाताना डोंगरातल्या दोन-तीन पाड्यांच्या कारभाऱ्यांनाही सोबत न्यावं.

दुसरं उदाहरण फार लांबचं आहे, पण ते केळीच्याच देशाचं आहे म्हणून सांगते. आपण जी केळी लावतो तिचे पूर्वज आग्नेय आशियातल्या वर्षावनांतले. आणि जगाच्या बाजारातली केळी ज्या मध्य अमेरिकेत वाढली, तिथे ती वर्षावन तोडूनच वाढली. कोस्टा रिकाच्या लिमोन किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगल साफ करून बागा उभ्या राहिल्या. ग्रो मिशेल ही एकच जात मैलोन् मैल. मग पनामा रोग आला, मातीतून मुळांत शिरून झाड वाळवणारी बुरशी. रोगाची जमीन सोडून द्यायची, पुढचं जंगल तोडायचं, नवी बाग लावायची, असं करत १९३० च्या दशकात युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीनं लिमोनच सोडलं आणि देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर बस्तान हलवलं. मागे राहिली रोगट जमीन आणि कामाविना मजूर. पुढे ग्रो मिशेल बाजारातून गेली आणि कॅव्हेंडिश आली. आपलं ग्रँड नैन त्याच घराण्यातलं. पनामा रोगाचा नवा प्रकार, टीआर-४, कॅव्हेंडिशलाही सोडत नाही, आणि तो भारतात बिहारसह काही राज्यांत येऊन पोचलाय. या रोगाला टक्कर देणारे गुण संशोधक शोधतात ते रानटी केळीत, म्हणजे तोडून उरलेल्या वर्षावनांत. केळीचं आणि जंगलाचं नातं पाण्यापुरतं नाही, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

तर हा कोस्टा रिका. १९८० च्या दशकात देशाच्या जेमतेम पाव भागावर जंगल उरलं होतं. १९९६ मध्ये त्यांनी कायदा केला. जंगल तोडून दुसरा वापर करायला बंदी घातली आणि १९९७ पासून जंगल राखणाऱ्याला त्याबद्दल पैसे द्यायला सुरुवात केली. पैसा कुठून? इंधनावरच्या कराचा एक हिस्सा. पुढे हेरेडिया शहराच्या पाणीपुरवठा कंपनीनं २००० पासून ग्राहकांच्या पाणीपट्टीतच थोडी रक्कम वाढवली आणि ती वरच्या डोंगरात जंगल राखणाऱ्यांना द्यायला लागली. खाली नळ सोडणारा वरच्याला देणं देतो. आज त्या देशाच्या निम्म्याहून जास्त भूभागावर जंगल आहे. याचं सगळं श्रेय त्या पैशांना नाही, तोडबंदी होती, गुरांच्या धंद्यातला नफाही घटला होता. आणि त्यांच्या योजनेत एक खोटही निघाली. सुरुवातीला पैसे मिळाले ते ज्यांच्याकडे जमिनीचे पक्के कागद होते त्यांना, म्हणजे बऱ्याच अंशी मोठ्या जमीनदारांना. मूळ रहिवासी आणि लहान शेतकरी कागदाअभावी मागे राहिले. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की एक रुपया आणि वनहक्क ही दोन मागणी वेगळी करता येणार नाहीत.

आता त्या एका रुपयाचा हिशोब. एकरी २५० ते ३०० क्विंटल माल धरला तर एकराला वर्षाकाठी २५० ते ३०० रुपये होतात. विद्राव्य खताच्या एका गोणीला याच्या कितीतरी पट पैसे पडतात. आपण संकटात आहोत हे खरं आहे, पण ही रक्कम आपल्याला बुडवणारी नाही. आणि ती दान म्हणून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दान दिलं की फोटो काढायचा मोह होतो आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. ही पाणीपट्टी आहे. पैसे थेट ग्रामसभेच्या खात्यात जावेत, मध्ये कुणी दलाल किंवा पुढारी नको. कशावर खर्च करायचे ते ग्रामसभेनं ठरवावं: उन्हाळ्यात वणवा राखणाऱ्या पोरांची मजुरी, आग पसरू नये म्हणून जाळपट्टे काढणं, दगडी बांध, मोहाच्या जाळ्या, गवताचं बी. वर्षातून एकदा हिशोब त्यांनी आपल्याला दाखवावा आणि आपण किती पाणी उपसलं ते त्यांना सांगावं. त्यांनी जंगल राखायचं आणि आपण बोअरवर बोअर मारत सुटायचं, असा करार मला मान्य नाही. ज्या शिवारात पाण्याची पातळी घसरतेय तिथे नवीन बोअर न मारण्याचा, आणि सोसायटीच्या सभासदांनी विहीर पुनर्भरण सक्तीनं करण्याचा ठराव त्याच सभेत व्हावा.

लाकडाचंही बघू या. आपल्या भागातल्या वीटभट्ट्या, ढाबे आणि वेफर्सच्या कढया यांच्याखाली जळणारं लाकूड कुठून येतं, हे विकत घेणाऱ्यानं विचारायला सुरुवात केली तरी बराच फरक पडेल. मोळी आणणाऱ्या बाईला अडवून काही होत नाही. तिच्यामागे ट्रॅक्टरनं येणारा माल अडवायला हवा.

वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी हे पत्र वाचलं तर त्यांनाही एक विनंती. पायथ्याच्या गावांतले शेतकरी आणि डोंगरातले पाडे एकमेकांसमोर बसले आहेत, अशी बैठक मी आजवर पाहिलेली नाही. ती तुम्ही बोलवा. तक्रारी ऐकून घ्याव्या लागतील, दोन्हीकडच्या.

अजून एक गोष्ट, पाण्याशी तिचा थेट संबंध नाही. रानपिंगळा नावाचं लहानसं घुबड १८८४ नंतर कुणालाच दिसलं नव्हतं. ते संपलं असंच जगानं धरलं होतं. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, अमेरिकेहून आलेल्या पक्षी अभ्यासकांना ते शहाद्याजवळच्या जंगलात दिसलं. आपल्या सातपुड्यात. जुन्या झाडांच्या ढोलीत ते घरटं करतं, म्हणजे जुनी झाडं गेली की तेही गेलं. जगात फक्त भारतात सापडणारा हा पक्षी आपल्या बागांपासून हाकेच्या अंतरावरच्या डोंगरात राहतो, आणि आपल्या शाळांतल्या पोरांना त्याचं नाव माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, कारण या मातीचा आणि या पाण्याचा गुण तिच्यात आहे. ही माती आणि हे पाणी ज्या डोंगरातून उतरतं, तोही त्या मानांकनाचा वाटेकरी आहे, आणि तिथली माणसंही.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होतील. विषयपत्रिका त्याआधी ठरते. चेअरमन साहेबांना माझी विनंती आहे की क्विंटलमागे एक रुपयाची सातपुडा पाणीपट्टी, सामूहिक वनहक्काच्या दाव्यांना पाठिंबा आणि विहीर पुनर्भरण हे तीन विषय लेखी स्वरूपात पत्रिकेवर घ्यावेत. सहकार खात्याच्या परवानगीचा प्रश्न येत असेल तर पहिल्या वर्षी वर्गणी ऐच्छिक ठेवा, पावतीवर वेगळा रकाना करा, ज्याला द्यायचं तो देईल. विरोध असेल तर सभेत उभं राहून करा, मी उत्तर द्यायला तयार आहे. आमच्या सोसायटीत ठरावाची सूचक म्हणून मी माझं नाव दिलं आहे. अनुमोदक हवा आहे.

आपली,
रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक